मलिकाआपांची कॅसेट

सोमेश्वर,

चारचौघांत तुमाला भाऊ म्हणायचे. पत्रात म्हणवत न्हाई.

जुन्या कॅसेटींचा तुमी धाडलेला पेनड्राइव्ह पोचला. टीव्हीत आपल्याकडचं कोणीच दिसत न्हाई, म्हणून आपणच फिल्मा काढायचो अन् बाजाराच्या दिवशी बाळापूरच्या चावडीवर दाखवायचो. किती भांडायचो तवा!

काल बांगडीवाल्या मलिकाआपांची मुलाखत लावली. आपा लिंबाखाली, मी माईक घेऊन शेजारी, तुमी लांब, खांद्यावर कॅमेरा. तुमी हात वर केला की शूटिंग बंद, असं आपलं ठरलेलं. तुमी हात वर केलात, पण बटन दाबायचं राहिलं. आपा हळूच विचारतात, "कॅमेऱ्याचा पोरगा आवडतो तुला, व्हय ना?" अन् मी म्हणते, "त्यानं विचारलं तर न्हाई म्हणणार न्हाई."

तिथंच चित्र थरथरलं. तुमच्या कानाला हेडफोन होता, माईकवरचं सगळं तुमाला ऐकू येत होतं, हे मला काल उमगलं. इतकी वर्षं वाटायचं, तुमाला काही ठाऊकच न्हाई.

गावाला दाखवताना तेवढं कापलंत. पण जपून ठेवलंत.

आमचे हे शेजारीच बसलेले. त्यांना ऐकू कमी येतं, दिसतं मात्र बराबर. म्हणाले, "कॅमेरावाल्याचा हात काहून हालून राहिला?"

मी म्हणलं, "वारं सुटलं असंल."

ते पुढं बघत राहिले. आपांच्या डोक्यावर लिंबाचं एक पानही हालत नव्हतं.

तुमची माईकवाली,
कौसल्या