पाच गाड्यांचं चांदणं

४ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी एका टॅक्सीवाल्याच्या डॅशबोर्डखाली निळ्या दिव्यांची पट्टी लावून दिली. मग त्याच्या शेजारी बसून खड्ड्यांच्या रस्त्याने चक्कर मारली, कान लावून. आवाज नाही. चाळीस वर्षांत माझी वायर कुणाच्या गाडीत खडखडली नाही. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं जीपच्या बोनेटखाली शिकलो, त्यामुळे मिरवायला एवढंच आहे.

दुपारी पाचोऱ्याच्या दीपकचा फोन. बियाण्यांचं दुकान आहे त्याचं. परवा त्याच्या गाडीला केळीच्या ट्रॉलीने डावीकडून ठोकलं. तो ठीक. डावीकडे त्याची आई बसली होती, अक्का. डोक्याला मार, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन इथेच जळगावात झालं. गाडी रफिकभाईच्या डेंटिंगच्या शेडमध्ये आणून टाकली आहे. शेवटी म्हणाला, "आबा, बठ्ठं चेंदामेंदा झालं, पण तुमचं चांदणं अजून चालू शे."
खोटं कशाला लिहू, तशातही मला बरं वाटलं.

अक्कांच्या गाडीचं छत माझं पहिलं. दोन वर्षं झाली. मोबाईलवर बघून बघून शिकलो. छताच्या कापडाला सुईएवढी भोकं पाडायची, त्यातून केसासारखे धागे ओवायचे, सगळ्यांच्या बुडाशी एकच दिवा. अंधारलं की छतभर तारे. अक्का दुकानात स्टुलावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आबा, खाटलं टाका ना. खाटलं आणि तीन चोर." सप्तर्षींतले चार तारे म्हातारीच्या खाटेचे चार पाय, मागे तीन चोर. लहानपणी अंगणात पडल्या पडल्या बघायचो आपण सगळेच. टाकलं. तेव्हापासून प्रत्येक छतात टाकतो, कुणी सांगो न सांगो. माझी सही म्हणा.

उद्या रफिकभाईकडे जाऊन येईन.

५ नोव्हें., बुधवार
काय लिहू.

रफिकभाईने मला बाजूला घेतलं. डावा पिलर (पुढच्या काचेजवळचा खांब) उघडून ठेवला होता. म्हणाला, "आबा, ये पट्टी किसकी है?"
पांढरी प्लॅस्टिकची पट्टी, वायर बांधायची. टोक तिरपं कापलेलं. मी तिरपंच कापतो, हाताला लागू नये म्हणून. विचारायची गरजच नव्हती त्याला.

त्या पिलरमध्ये कापडाची वळकटी असते. वर छताच्या कडेने मागेपर्यंत जाते. मला वाटायचं, आवाज येऊ नये म्हणून कंपनीने भरलेली गादी आहे. छताची वायर डॅशबोर्डातून वर न्यायची तर याच पिलरमधून. मऊ गादी आयतीच मिळाली, तिलाच वायर आवळून बांधायची, म्हणजे खडखड नाही.
ती गादी नाही. एअरबॅग आहे. बाजूने ठोकर बसली की फुगून पडद्यासारखी खाली येते, डोकं वाचवते. मागची पूर्ण खाली आली होती. पुढचा दीड हात, जिथे अक्का बसल्या होत्या तिथला, माझ्या पट्टीत अडकून राहिला.

रफिकभाई म्हणाला, नीट फुगली असती तरी डोळा वाचलाच असता असं छातीठोक सांगता येत नाही. मग पक्कड हातात घेऊन हळूच, "मी कापून टाकतो. कोणाला काय कळणार? तुमचं नाव आहे गावात."
मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. घरी निघून आलो.

६ नोव्हें., गुरुवार
दुकान उघडलं नाही. सौ.ने भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी. हात धुऊन ताटावर बसलो आणि तसाच उठलो. "अहो, झालंय काय?" म्हणाली. सांगितलं सगळं. तिने ताट झाकून ठेवलं.

आठवतंय. त्या वळकटीवर पिवळा कागद चिकटवलेला होता, इंग्रजी अक्षरं, माणसाचं चित्र. मी थांबलो होतो तेव्हा. पलीकडच्या बॅटरीवाल्याला विचारावं असं मनात आलं होतं. एवढी वर्षं सगळे मला विचारतात, मी कसं विचारू. म्हणून नाही विचारलं. एवढीच गोष्ट.

फोन करून रफिकभाईला सांगितलं, पट्टी राहू दे.

७ नोव्हें., शुक्रवार
दोन वर्षांच्या वह्या काढल्या. मी रोज लिहितो याला सौ. हसायची, आज तीच चष्मा लावून पानं उलटत होती. छताची कामं सात. दोन जुन्या गाड्या, त्यांच्या पिलरमध्ये काही नव्हतं, नीट आठवतं. राहिल्या पाच. पाचही गाड्यांत वळकटी, पाचही गाड्यांत पट्टी.
१. दीपक.
२. वरणगावचे पाटील.
३. चोपड्याचा केळीवाला.
४. इथल्या शाळेच्या बाई.
५. धुळ्याचे कापडवाले.
नंबर सगळ्यांचे लिहिलेले आहेत. देव पावला म्हणायचं.
सौ. म्हणाली, "आधी अक्कांकडे जा."

८ नोव्हें., शनिवार
दवाखान्यात गेलो. अक्का झोपलेल्या, अर्धं तोंड पट्टीखाली. दीपकने खुर्ची दिली, चहा मागवला. "आबा, तुम्ही आलात, बरं वाटलं." पपई नेली होती ती ठेवली. पाऊण तास बसलो. सांगितलं नाही.
जिन्यात कठड्याला धरून उभा राहिलो. दोन बायका वर जाताना म्हणाल्या, बाबा, बरं नाही का.

१० नोव्हें., सोमवार
आज सांगितलं. दीपकला बाहेर नेलं, रसवंतीच्या मागे. खिशात पट्टी होती, त्याला दाखवायला रफिकभाईकडून सोडवून आणलेली, ती त्याच्या हातावर ठेवली. आधी त्याला कळेचना. म्हणाला, "हे काय?" मी पहिल्यापासून सांगितलं. गादी, पिवळा कागद, सगळं.
पट्टी उलटी-सुलटी करत राहिला.
"म्हणजे एअरबॅग बांधून ठेवली होती तुम्ही?"
"हो."
"दोन वर्षं आई त्याच्याखाली बसत होती?"
"हो रे बाबा."
"आणि मी लोकांना सांगत फिरलो, काम करायचं तर आबांकडे जा." मग म्हणाला, "तुम्ही जा आता." ओरडला असता तर बरं झालं असतं.

१२ नोव्हें., बुधवार
रफिकभाई दुकानात येऊन शिकवून गेला. आधी बॅटरी काढायची. मग चहा पिण्याइतका वेळ थांबायचं, लगेच हात घालायचा नाही. वायर वळकटीच्या मागून, पिलरच्या पत्र्यालगत. वळकटीला काहीही बांधायचं नाही, काहीही अडवायचं नाही. मी वहीत चित्र काढून घेतलं. ६८ व्या वर्षी विद्यार्थी. तो म्हणाला, "आबा, मुझे भी किसी ने बताया था." एवढं बोलला, त्याचा आधार वाटला.

१४ नोव्हें., शुक्रवार
वरणगाव. पाटील कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. ऐकून मोठ्याने हसले. "तीस वर्षं दारूगोळ्यात काढली, काही झालं नाही! आणि तुम्ही माझ्या कानशिलाशीच नेम धरला होय!" मीही कसनुसा हसलो. तेवढ्यात पाटीलवहिनी पाणी घेऊन आल्या. पाटील त्यांच्याकडे बघत राहिले. "डावीकडे हीच बसते," म्हणाले. पुढे काम होईपर्यंत स्वतः टॉर्च धरून उजेड दाखवत होते.
पट्टी कापली. कट्ट आवाज झाला. छातीवरचं एका गाडीचं ओझं उतरलं.

१६ नोव्हें., रविवार
चोपडा. बागेच्या बांधावरच गाडी. तो चिडला. "वर्ष झालं, काही झालं नाही. चांदणं काढलं तर पोरं घर डोक्यावर घेतील."
"चांदणं राहील. वायर फक्त मागून नेतो."
"आणि मी सांगू का चोपडाभर, आबांचं काम असं असतं म्हणून?"
"सांगा," म्हटलं. "नक्की सांगा. छतात तारे लावलेली दुसरी गाडी दिसली तर तिलाही सांगा, कुणीही लावलेले असोत."
मग तो निवळला. निघताना केळीचा अख्खा घड माझ्या मांडीवर ठेवला. नको नको म्हटलं. एस.टी.त तो घड मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. शेजारचा समजला, घरात कुणी गेलंय.

१८ नोव्हें., मंगळवार
शाळेच्या बाईंची गाडी केली. बाई म्हणाल्या, "आबा, मुलांना आम्ही सांगतो, चूक कबूल करा. मोठ्यांपैकी कुणी केलेली पाहिली नव्हती." मला ते नकोसं झालं. कौतुक घ्यायला गेलो नव्हतो.
दीपकला फोन केला. उचलला नाही.

२० नोव्हें., गुरुवार
धुळे. कापडवाले म्हणाले, गाडी दिवाळीतच विकली. दलालाकडून. दलाल म्हणाला, त्याने पुढे दुसऱ्याला दिली, तो फोनच उचलत नाही. कागद अजून नव्या नावावर झाले नसतील. मी नंबर दाखवला, पांढरी गाडी, छतात तारे. "असे तारेवाले लई फिरतात, आबा," म्हणाला. मी म्हटलं, माझ्यात खाटलं आहे. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला.
आर.टी.ओ.तही जाऊन आलो. खिडकीवरची मुलगी चांगली होती, पण दुसऱ्याचा पत्ता देता येत नाही म्हणाली. माझा फोन नंबर आणि चिठ्ठी ठेवून घेतली. कागद आले तर नव्या मालकाला देईन, म्हणाली.

२३ नोव्हें., रविवार
छताची तीन नवी कामं आली, तिन्ही परत पाठवली. हात तयार नाहीत. दुकानाच्या दारावर खडूने लिहिलं: माझ्याकडून किंवा कुणाकडूनही छतात दिवे लावले असतील तर पिलर उघडून दाखवून घ्या. सौ. म्हणाली, "अक्षर मोठं काढा."
आज दोघेजण आले दाखवायला. एकाच्या गाडीत पट्टी निघाली. माझी नव्हे, दुसऱ्या कुणाची. तीही कापली.

२६ नोव्हें., बुधवार
दीपकचा फोन, सोळा दिवसांनी. आवाज कोरडा. "आई बोलावते."
अक्कांच्या डोळ्याची पट्टी काल उघडली. घरी, पाचोऱ्याला, पलंगावर बसलेल्या. दीपक दाराशी उभा होता, आत आला नाही, गेलाही नाही.
"कसाले तोंड पाडी बठनात आबा?" अक्का म्हणाल्या.
मी डोळ्याचं विचारलं.
"उजेड दिखस. मानूस नही दिखस." एक हात चेहऱ्यासमोर धरून दाखवला, बोटं हलवली. "हाई बोटं नही दिखत."
डॉक्टर म्हणतात, सहा महिने बघू.
मी पायाशी हात नेला, त्यांनी धरला. म्हणाल्या, "नही सांगतात ते कोनले समजनार व्हतं?" सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं, हे रागाने की कसं, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. मग विचारलं, "बाकीन्या गाड्या व्हयन्यात का?"
"एक राहिनी अक्का. धुळ्यानी."
"मंग आठे काय बशी राह्यनात? जा ना."
उठलो. दीपक बाजूला सरकला, वाट दिली. म्हणाला, "स्टँडपर्यंत सोडतो." मोटारसायकलवर मागे बसलो.

२९ नोव्हें., शनिवार
धुळे, दुसरी खेप. महामार्गावरच्या नाक्याला चहाची टपरी आहे, तिथे दुपारपासून बसलो. उन्हात छत दिसत नाही. दिवेलागणीला दिसतं, काचेतून. पांढऱ्या गाड्या किती असतात हे आज कळलं. चहावाला म्हणाला, "आबा, कोणी हरवलंय का?" हो म्हटलं.
सापडली नाही. सौ.च्या भावाकडे मुक्काम.

३ डिसेंबर, बुधवार
धुळे, तिसरी खेप. थंडी आहे. सौ.ने मफलर बांधून पाठवलं.

दिवे लागायच्या सुमाराला पांढरी गाडी आली, नाक्यावर ट्रकच्या मागे हळू झाली. छतात तारे. मी उठून काचेजवळ गेलो. चार तारे, मागे तीन. माझा तिसरा चोर नेहमी जरा वाकडा पडतो, तोही वाकडा. माझंच खाटलं.
डावीकडे एक बाई. पोरवयाची, नवं लग्न झालेली असावी, हातात हिरवा चुडा. पिलरला डोकं टेकून झोपली होती. बरोबर पट्टी आहे तिथे.

मी काचेवर हात मारला. चालवणाऱ्याला वाटलं मागायला आलोय, त्याने हातानेच नाही म्हटलं. "अहो थांबा, गाडीत..." एवढंच आलं तोंडातून. ट्रक हलला, ते निघाले. धावलो. पाय पुरले नाहीत. शेवटचे दोन आकडे वाचता आले, ते वहीतल्याच नंबरचे. साक्रीकडे वळली.

टपरीवाल्याने बसवलं, पाणी दिलं. त्याला सगळं सांगितलं, त्याने मोबाईलमध्ये नंबर घेतला. साक्रीला त्याचा साडू रस्त्यावरच पंक्चर काढतो, त्याला कळवलं.
दीपकला फोन केला. या वेळी पहिल्याच रिंगला उचलला. ऐकून घेतलं. म्हणाला, "आबा, तिथेच थांबा. सकाळी मी येतो, साक्रीला दोघे जाऊ."

टपरीवाल्याने त्याच्या घरच्या पडवीत अंथरूण दिलंय. पक्कड उशाशी आहे. ती पोरगी जागी झाली असेल का, सरळ बसली असेल का.