अठरा काड्यांचं तोंड

१२ जून

आज नऊ काड्या! कुल्फीच्या. धुऊन, एकावर एक रचून कमळाकरच्या दातांत सरकवायच्या आणि दम धरायचा. गालाच्या ऑपरेशननंतर जबडा आखडतो, म्हणून हा व्यायाम. दिवसातून पाच वेळा. अठरा काड्या मावल्या पाहिजेत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय — नाहीतर जन्मभर पेज! पण "आ कर" म्हटलं की आमचे हे कारखान्यातल्या गणपतीसारखे बघत बसतात. कान सुपाएवढे, ऐकायचं नाव नाही.

ही वही हॉस्पिटलातल्या बाईंनी दिली. पेशंटने काय खाल्लं ते रोज लिहायला. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज. झालं लिहून. उरलेली पानं माझी.

१५ जून

शेजारची मैना आली. दार लोटून, कानाशी येऊन — "सगुणे, त्यो... तसलाच आजार ना गो?" नाव घ्यायचं नाही म्हणे त्याचं. नाव न घ्यायला तो काय माझा नवरा हाय? आणि नवऱ्याचं तरी मी कुठे टाळते! कमळाकर, कमळाकर, कॅन्सर, कॅन्सर. घे, घेतलं. छप्पर काही कोसळलं नाही.

जाताना गुळवेल सांगून गेली. परवा एकाने गोमूत्र सांगितलं, एकीने निडी गावचा कुणी बाबा सांगितला. हॉस्पिटल तेवढं कोणी सांगत नाही.

२१ जून

गणपतींच्या डोळ्यांच्या आखणीला बसले. मूर्ती कमळाकर घडवायचा, डोळे माझे — सत्तावीस वर्षं हीच वाटणी. यंदा मूर्ती पुतण्याने काढल्यात, पोटं जरा जास्तच सुटलीत. असू दे. डोळे बरोबर उतरले की पोटाकडे कोण बघतो?

झिरो नंबरचा ब्रश ओठांत फिरवल्याशिवाय त्याला टोक येत नाही. आधी पांढरा, मग काळा. संध्याकाळी अख्ख्या हमरापुरात आखणीच्या बायकांची तोंडं रंगलेली. ओठांवरून सांगावं, आज कुणी काय रंगवलं ते.

२८ जून

अकरा काड्या. बाराव्याला शिवी दिली बहुतेक. कळली नाही.

६ जुलै

रोह्याहून प्रतीक्षा आली. जावयाची शिफ्ट होती, एकटीच. बापाला मऊ खिमट केलं, मीठ बेताचं. तो आवडीने जेवला आणि पाटीवर लिहिलं — "आईपेक्षा बरं." चार महिने माणूस बोलत नाही, पाटीवर लिहितो. शब्द पुसट येतात म्हणून लाजतो. पण खोचक लिहायला लाज नाही!

मी तव्यावर मिश्री भाजत होते. प्रतीक्षा नाकाला पदर लावून उभी. "आई, बाबांचं एवढं झालं आणि तू अजून हेच करतेस?"

"मी काय करते? दात घासते."

"आई, ती तंबाखूच आहे!"

"तंबाखू तुझा बाप खायचा. चुना लावून, गालात धरून. मी भाजून घासते. खाणं वेगळं, घासणं वेगळं."

डबी उचलली आणि उकिरड्यावर फेकली पोरीने! मी जाऊन परत आणली. मग आम्ही दोघी हसायला लागलो, तर म्हणे, "आई, गालात आतून पांढरं काय तुझ्या?" पांढरं काय असणार? दिवसभर गणपतीच्या डोळ्यांत पांढरा भरतेय. लग्नाला सहा वर्षं झाली, तर कारखान्यातलं सगळं विसरली.

१४ जुलै

विठू आला. कमळाकरचा जिवलग. दोघांनी तीस वर्षं एका चंचीतून तंबाखू मळली. बसला, हालहवाल विचारली आणि सवयीने चंची काढून मळायला लागला — याच्यासमोर! कमळाकरची नजर त्याच्या तळहातावर. मी रंगाचं पाणी तसंच्या तसं विठूच्या हातावर ओतलं. "वैनी, सवय गो... सवय," करत पळाला.

डोकं इतकं तापलं की दोनदा मिश्री लावली, तेव्हा कुठे शांत झाले.

२२ जुलै

तेरा ऑगस्टला तपासणी. परत आलाय की गेलाय ते तेव्हा कळणार.

घाबरते मी. लिहून टाकते, सांगू कुणाला? लोकांना वाटतं सगुणा खंबीर, सगुणा फटकळ. फटकळ माणसाला भीती वाटत नाही की काय? आज पेजेच्या दोन वाट्या वाढल्या, दोन्ही याच्याच पुढ्यात. याने पाहिलं. पाटी बाजूला सारली आणि दोन्ही संपवल्या.

पूर्वी दिवसातून पन्नास वेळा हाक मारायचा — "सगुणे, खळ कुठाय, सगुणे, चहा कुठाय." वैतागायचे मी. आता एकदा मारली तर पन्नास चहा करीन.

२ ऑगस्ट

तेरा तारखेचा विचार करता करता एका गणपतीचा डोळा चुकला. एक भक्ताकडे, एक थेट मोदकाकडे! मी कपाळावर हात मारला. कमळाकरने मूर्ती वळवून पाहिली आणि हसला. असा हसला की तोंड आपोआप उघडलं. मी झटकन काड्या घातल्या — सोळा! डोळा पुसून पुन्हा काढला. आधी देवाला हात जोडले, माफीही मागितली. पण कामाला आला बरं का तो वाकडा डोळा.

त्याच्याबरोबर अळणी खाऊन माझीही जीभ बिघडली. हल्ली साधी सुकटीची चटणी झोंबते. प्रतीक्षाला फोनवर सांगितलं तर लगेच, "डॉक्टरला दाखव तोंड." दाखवते, म्हटलं, हंगाम संपू दे.

१० ऑगस्ट

सतरा.

१३ ऑगस्ट

हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून लिहितेय. पेनाला आणि मला दोघांनाही धीर नाही.

साफ आहे! डॉक्टरीणबाईंनी गाल पाहिला, मान चाचपली, रिपोर्ट वाचला — काही नाही. परत आलेला नाही. मग काड्या घातल्या. अठरा! मी एकेक मोजून घेतली. म्हणाल्या, "घरी कोण करून घेतं व्यायाम? त्यांना बक्षीस द्या." मी हसले. तोंड फाडून हसले, सगळी माणसं बघत होती. बघू देत! नर्स म्हणाली, "ताई, हळू." पाच महिने हळूच होते ना मी.

कमळाकरने पाटीवर लिहिलं — "घरी जाऊन कोलंबी." कोलंबी खाणार म्हणे, उद्याच्या उद्या! धरमतरच्या खाडीत जाऊन धरून आणीन मी.

आतून नर्स बोलावतेय. याला नाही, मला. कुठेतरी सही राहिली असेल.

१४ ऑगस्ट

सही नव्हती. हसताना डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड पाहिलं होतं. "डाव्या गालात पांढरं काय?" रंग, म्हटलं. त्यांनी ओल्या कापडाने पुसलं. एकदा, दोनदा, जोर लावून. रंग असता तर निघाला असता. तुकडा तपासायला काढून घेतलाय, दहा दिवसांनी कळेल. "लवकर दिसलं ते बरं झालं," म्हणाल्या.

सकाळी उठले तर मिश्रीची डबी जागेवर नाही. ओटीवर कमळाकर, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात गुळण्यांचं पाणी. पाटी भिंतीला टेकवलेली, कोरी.

"सगुणे," म्हणाला. पुसट, पण मला कळलं. "आ कर."