बाबा जामीन राहतायत

२ फेब्रु., सोम.
डिलाईल रोड. संगीताची पुढची मुलाखत घ्यायची होती, झाली नाही. प्रश्न तिनेच विचारला. नवरा विलास चोरीच्या केसमध्ये कच्चा कैदी, खटला उभा राहायचं नाव नाही. जामीन मंजूर होऊन महिने झाले, पण जामीनदार नाही म्हणून आतच. दीर फोन उचलत नाहीत.
"ताई, तुम्ही राहाल जामीन?"
मी फेलोशिपवाली, पक्की नोकरी नाही, मला कोर्टात कोण विचारतंय? तसं सांगितलं आणि सुटल्यासारखं वाटलं. आता त्याचाच राग येतोय.

५ फेब्रु., गुरु.
गाईड मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, तू अभ्यासाला गेलीयस, त्यांचा संसार चालवायला नाही. बरोबरच आहे. कैद्यांच्या घरांवर प्रबंध लिहायचा, त्या घरांत लुडबूड करायची नाही.
जेवताना नुसता विषय काढला. आईने भांडी आदळली, म्हणाली, आता त्यांना घरीच आणून ठेव. बाबा बांगड्याचे काटे काढत होते. मग म्हणाले, "माणूस बघल्याशिवाय मी सही करूचंय नाय."
मी कुठे सही मागितली होती? मागितली होती बहुतेक.

१० फेब्रु., मंगळ.
बाबा संगीताबरोबर जेलात भेटीला. नोकरीभर त्या भिंतीला लागून बस पकडली, आत पहिल्यांदाच गेले. भेट नातेवाइकांनाच, म्हणून विलासचे मामा असं नाव लावलं! सत्तरीत थापा मारायला शिकले. आल्यावर म्हणाले, पोरगा कणकवलीकडचा आहे, डोळ्यात बघून बोलतो. सोमवारी कोर्टात जाऊ. पेन्शनचे कागद काढून झेरॉक्सला मलाच पिटाळलं.
आई माझ्याशी बोलत नाहीये. मी मात्र हवेत.

१२ फेब्रु., गुरु.
राहिलेली मुलाखत. आधी नेहमीचं वाक्य म्हटलं, तुम्ही सांगाल ते मी आणि माझ्या मॅडम सोडून कुणालाही कळणार नाही. मग संगीताने रेकॉर्डर बंद करायला लावला. विलास सुटला की दोघं निघून जाणार. सुरतेला कुणी ओळखीचं आहे. कोर्टाच्या तारखांना तो उभा राहणार नाही. किती वर्षं नुसत्या तारखा घ्यायच्या, म्हणाली.
मी विचारलं, आणि माझे बाबा?
ती रडायला लागली. "देवमाणूस आहेत ते. त्यांना नका सांगू, ताई."
इतकी चीड आली. तिची, माझी, त्या नेहमीच्या वाक्याची.

१४ फेब्रु., शनि.
मॅडम म्हणतात, शब्द दिलायस, सांगायचं नाही. कदाचित ती घाबरून बोलली असेल, असंही म्हणाल्या. त्यांचं काय जातंय? त्यांचे वडील थोडेच कोर्टात चाललेत.
परळच्या पुलावरून उगाच फिरत राहिले. सांगितलं तर विलास आत कुजणार आणि संगीता पुन्हा कुणापुढे तोंड उघडणार नाही. नाही सांगितलं तर तो पळाल्यावर कोर्ट बाबांना धरणार. या वयात... नको.
रात्री उशिरा जेवायला बसले. आईने न बोलता ताटात भात वाढला.

१६ फेब्रु., सोम., सकाळ
बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलाय. संगीता खाली येऊन थांबलीय. मी ओढणी घेत होते, तर चपला घालता घालता बाबा म्हणाले,
"मी त्याका जरासोच बघलंय. तू त्या घरात वर्सभर जातंस. पळाचो नाय ना तो?"
म्हटलं, थांबा, पर्स घेऊन येते. आत येऊन हे लिहितेय. पर्स खांद्यालाच आहे. बाबा दारात उभे आहेत, हाक मारत नाहीयेत.