न आलेल्यांचा दवाखाना

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. मीही आता सत्तरी ओलांडली. नातवंडं शाळेत गेली की घर शांत होतं, आणि अशा सकाळी तुमच्याशी बोलावंसं वाटतं. आज कागद घेऊनच बसले.

बहात्तरचा दुष्काळ. शेवगावच्या पूर्वेकडचं ते कोरडं गाव, शाळेमागचा सरकारी दवाखाना, तिथल्या जुन्या नर्सबाई तुम्ही आणि नगरहून नर्सिंग शिकून आलेली वीस वर्षांची मी. बौद्धवाड्यातली पोर गावात राहणार कुठं, असं कुणी विचारायच्या आतच तुम्ही माझी ट्रंक उचलून तुमच्या खोलीत ठेवलीत. एकच स्टो होता. सकाळी त्यावर आधी काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायच्या, मग चहा. बोथट झालेल्या सुया तुम्ही दगडावर घासून धार लावायचात, आणि धार जमली की स्वतःशीच हसायचात. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला नाळ कापायची तुमची कात्री दिलीत. म्हणालात, "माझी बोटं आता आखडतात. तू वापर." नोकरीची पस्तीस वर्षं मी ती वापरली.

पण दवाखान्याची दशा वाईट होती. डॉक्टरची जागा दीड वर्ष रिकामी. कपाटात टिंक्चर, कापूस आणि बाटलीभर लाल औषध. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया ठेचलेली बोटं घेऊन यायच्या, आणि आपण पट्टी बांधण्यापलीकडं काय करणार? एक दिवस सरपंच ओट्यावर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, डागतर न्हाई, औषिद न्हाई. निस्त्या भिंतींना काय करायचं? शेवगावचे डागतर रोज यायला तयार हायेत. त्यांच्याच ताब्यात देऊ समदं. थोडी फी घेतील, पर मानूस हुशार हाय."

तुम्ही उठून पट्ट्या धुवायला गेलात. मला मात्र ते पटलं. दवाखाना त्या डॉक्टरांकडे सोपवावा असा गावाचा अर्ज ठरला, आणि अक्षर चांगलं म्हणून सरपंचांनी तो माझ्याकडून लिहून घेतला. मी खुशीनं लिहिला. तुम्ही तो वाचलात, घडी घालून परत दिलात आणि एवढंच म्हणालात, "अक्षर छान आहे." दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोललात. मी रडकुंडीला आले. शेवटी म्हणाले, "बाई, डॉक्टरच नाही, तर पाटी सरकारची असली काय नि नसली काय?"

तुम्ही सुई घासत होतात. मान वर न करता म्हणालात, "तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही, पोरी. डॉक्टर नाही, हे खरंच आहे. पण नाही ते मागायचं असतं. आहे तेही देऊन मोकळं व्हायचं नसतं."

मग तुम्ही त्या डॉक्टरांनाच निरोप धाडलात, की घेणार आहात ते आधी येऊन बघा. ते बाजाराच्या दिवशी आले, स्वतःची मोटार घेऊन. मला वाटलं होतं, तुम्ही भांडाल. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा दिलात आणि शेजारी उभ्या राहिलात. अजून डोळ्यांसमोर आहे. एकाच बाकावर पाटलांचे भाऊ बसलेत, शेजारी तिथल्या बौद्धवाड्यातली म्हातारी, तिच्या पलीकडं खडीवरच्या दोघी. क्षयाचा एक पेशंट रोजचं इंजेक्शन घ्यायला आलाय. चार पोरांना लस टोचायची आहे. डॉक्टर मन लावून तपासताहेत. चांगला हात होता त्यांचा. मी मनात म्हणतेय, बघा बाई, काय वाईट आहे?

दुपारी ओटा रिकामा झाला. डॉक्टर हात धुवायला उठले, तशा तुम्ही म्हणालात, "आता न आलेल्यांकडे जाऊ."

"न आलेले म्हणजे?"

"चला तर खरं."

उन्हात आपण तिघं ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेलो. क्षयाची दुसरी पेशंट बरं वाटायला लागलं म्हणून आठ दिवस आली नव्हती. तिला तुम्ही तिथंच सुई दिलीत. एका घरी लसीच्या भीतीनं पोरं लपवली होती. शेवटच्या खोपटात आठव्या महिन्यातली एक सून अंगणात शेणी थापत होती. तिचे पाय सुजलेले. सासू म्हणाली, "पाय तर समद्यांचंच सुजत्यात. तिला काय बी झालेलं न्हाई." डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला. मग तुमच्याकडं वळून हळूच म्हणाले, "हिला आत्ताच नगरला न्यायला हवं." मोटार त्यांचीच होती. तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसलात आणि मी धुळीत उभी राहिले. पंधरा दिवसांनी ती मुलगी घेऊन परत आली, दोघी धडधाकट.

ती परतली त्याच आठवड्यात डॉक्टर पुन्हा आले. सरपंचांसमोर तुम्हाला म्हणाले, "बाई, माझ्या दारात येईल त्याला मी तपासीन, गरिबाकडून फीही घेणार नाही. पण जो येतच नाही, त्याच्या दारात रोज जाणं माझ्याच्यानं व्हायचं नाही." सरपंच माझ्याकडं बघून म्हणाले, "दुसरा कागद घे, पोरी. आता डागतर पाठवा म्हनून लिव्ह." तो अर्ज घेऊन डॉक्टर आणि सरपंच जिल्हा परिषदेत तीन वेळा गेले. चार महिन्यांनी एक तरुण डॉक्टर एस.टी.तून उतरला आणि तुम्ही त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्यात, दुष्काळातल्या, गूळ कमी घालून.

पुढं माझी सगळी नोकरी अशा न आलेल्यांच्या दारात गेली. पायांचं वाटोळं झालं, पण आयुष्य चांगलं गेलं, बाई. तक्रार नाही.

परवा इथं सभा होती. तालुक्याचं सरकारी इस्पितळ खासगी संस्थेला चालवायला द्यावं की नाही, यावर. मी उठून तुमची ही गोष्ट सांगितली. गैरसोयींनी वैतागलेल्या लोकांनीही ऐकून घेतली, टाळ्याही पडल्या. घरी येताना एक गोष्ट मात्र टोचत राहिली. गेल्या वर्षी माझा मोतीबिंदू काढला. सरकारी इस्पितळात दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती, आणि थांबले असते तर चाललं असतं. पण मुलानं मला संगमनेरच्या खासगी दवाखान्यात नेलं आणि मी नको म्हटलं नाही. चादर पांढरीशुभ्र होती, नर्स गोड बोलत होती, आणि मला तिथं फार बरं वाटलं. सभेत हे मी सांगितलं नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला तेवढं सांगते.