डिझेल, पेट्रोल आणि आईचं मत

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना चढताना तुम्ही अजून गिअर बदलल्यासारखा आवाज काढता, असं मामी म्हणत होत्या. (फोनवर तुम्ही नुसतं 'कोण? कोण?' करता, म्हणून हा पत्राचा खटाटोप.)

आयुष्यभर बस चालवलीत, तेव्हा हा प्रश्न तुम्हालाच विचारावा म्हटलं. आमच्या जुन्या गाडीला आता चालण्यापेक्षा थांबण्यात जास्त रस आहे. आईला दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागतं आणि दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तेव्हा नवी गाडी घ्यायची, इथवर घरात एकमत झालं. (तेच शेवटचं.) हिचं म्हणणं, एवढी धाव असेल तर डिझेलच परवडतं. माझं म्हणणं पेट्रोल, कारण इंजिन शांत असतं आणि परत येताना आईला डोळा लागतो. बरं, बाहेर जाऊन मन मोकळं करावं, तर तिथेही तीच गत. डायलिसिसच्या खोलीबाहेर आम्ही नातेवाईक तासन्‌तास बसून असतो. मी सहज विषय काढला, तर पंख्याखालचे सगळे पेट्रोलवाले आणि पाण्याच्या कूलरजवळचे सगळे डिझेलवाले निघाले. एक निवृत्त मुख्याध्यापक (त्यांच्या पत्नी आत, आईच्या शेजारच्या खाटेवर) डिझेलच्या बाजूने इतके तावातावाने बोलले, की नर्स बाहेर आली, सगळ्यांना दटावलं आणि जाता जाता स्वतःच म्हणाली, सीएनजी बघा की. पुढच्या आठवड्यापासून मुख्याध्यापक यायचे बंद झाले. ती खाट रिकामी झाली होती. कूलरजवळच्या त्यांच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही, आणि डिझेलच्या बाजूने बोलायचा कुणाला उत्साहही राहिलेला नाही.

रविवारी आम्ही दोघं आईला घेऊनच शोरूममध्ये गेलो. विक्रेता अत्तरात बुडवून काढलेला. चालवून बघायला गाडी दिली, तर मी वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावले, लख्ख उन्हात! मागे आई हसून हसून बेजार. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती, म्हणून पुढच्या वळणावर मी पुन्हा वायपर लावले. (या खेपेला मुद्दाम. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.)

परत आल्यावर त्याने समजावून सांगितलं, की डिझेल गाडी घेताना महाग पडते, पण पाच-सहा वर्षं अशीच धाव असेल तर सगळं वसूल होतं. हिने माझ्याकडे बघितलं, मी टायरकडे.

"मग पेट्रोलच घ्या रे," आई म्हणाली. "एवढी धाव काही राहायची नाही."

"का आजी, बदली होतेय का कुणाची?" विक्रेत्याने विचारलं.

"हो, तसंच समज," आई म्हणाली.

मामा, मी तिथल्या तिथे डिझेल गाडी नक्की केली. हट्टाने. पाच-सहा वर्षं म्हणजे पाच-सहा वर्षं. आणि कमाल बघा, इतके दिवस डिझेलसाठी माझं डोकं खाणारी ही, घरी आल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडली. म्हणाली, पेट्रोलच घ्यायला हवी होती, आईंना निदान शांत झोप लागली असती.

गाडी परवा ताब्यात मिळेल. मी बरोबर केलं की चूक, ते कळवा.

तुमचा भाचा

ता. क. मत नाही कळवलंत तरी चालेल. आईने काल डॉक्टरांना सांगितलं, आता सुया पुरे. डॉक्टर तिच्याशी खूप वेळ बोलले, मग माझ्याशी. मी भांडलो, ओरडलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आणखी एक. तिची तुमच्याबद्दल तक्रार आहे, की जन्मभर परक्यांना फिरवलंत, सख्ख्या बहिणीला कधी शेजारच्या सीटवर बसवलं नाहीत. गाडी आली, की दवाखान्याच्या उलट दिशेचा कुठलाही रस्ता धरून तिला न्या. टाकी मी भरून ठेवतो. उत्तर लिहीत बसू नका मामा, निघा.