बारा हिसके

१४ नोव्हेंबर १९८३
आज नव्या जागेत बिऱ्हाड लागलं. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, सावित्रीबाईंच्या घराची माडी. खिडकीतून होड्यांचे रंग दिसतात, आणि मासळीचा वास न बोलावता आत येऊन बसतो. साताऱ्याच्या शाळेत अडतीस वर्षं समुद्रावरच्या कविता शिकवल्या. खरा समुद्र शेजारी आला तो आत्ता.

सामान थोडकंच. दोन ट्रंका आणि माझी अकरा मनगटी घड्याळं, सगळी चावीची. दहा टेबलावर मखमलीत मांडली. अकरावं, पहिल्या पगाराचं, नेहमीसारखं डाव्या मनगटावर. चाव्या दिल्या आणि खोली बोलू लागली. त्या टिकटिकीत मला अजून वर्गातला भुजंगप्रयात ऐकू येतो. ल गा गा, ल गा गा... पुढच्या बाकावरची पोरं बोटांनी ठेका धरताहेत असं वाटतं.

बाईंचे दीर आत्माराम ट्रंक वर चढवता चढवता म्हणाले, "मास्तर, रिटायर मानसाला अकरा घड्याळं कशाला ओ? जायचं कुठं हाय?" मी मनापासून हसलो.

१७ नोव्हेंबर
बाईंचा मुलगा हरिश्चंद्र बोटीवर खलाशी. इंजिनाच्या तेलात खराब नको म्हणून आपलं घड्याळ आईपाशी ठेवून गेला. ते ऑटोमॅटिक. त्याला चावी द्यावी लागत नाही; मनगट हललं की आतलं चक्र फिरतं आणि स्प्रिंग भरते. नुसतं ठेवलं तर दीड दिवसात बंद. म्हणून तो सांगून गेला, आये, सकाळ-संध्याकाळ हलवीत जा. बाई दिवा लावल्यावर देवापुढे बसून, घड्याळ मुठीत धरून बारा हिसके देतात. पाच महिने पत्र नाही. पण हे चालतंय तोवर माझा हरी हिंडता-फिरता आहे, असं त्या म्हणाल्या.

आज बघायला दिलं. स्विस, सायीच्या रंगाची तबकडी, काटे केसासारखे. हे मी फक्त मुंबईच्या दुकानांच्या काचेपलीकडे पाहिलं होतं. हातातून खाली ठेववेना.

१९ नोव्हेंबर
लिहायला लाज वाटते, पण या वहीत कधी खोटं लिहिलेलं नाही. तेल घालायला हवं, असं सांगून ते वर आणलं. परत दिलं ते माझं. अडतीस वर्षं मनगटावर वागवलेलं. तबकडी तशीच सायीची. पट्टा तेवढा हरीचा चढवला. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "मास्तर, लई उपकार झाले," म्हणाल्या.

हरीचं माझ्या डब्यात आहे. झाकण लावून.

२२ नोव्हेंबर
खालचं बंद पडलं. पडणारच, चावीचं घड्याळ हलवून चालत नाही. बाईंनी काल रात्रीपासून अन्न टाकलंय.

डब्यातलं मात्र चालू आहे. तीन दिवसांत त्याला हात लागलेला नाही. दोनदा कान लावून पाहिलं.

दिवेलागणीला माझा डावा हात अचानक उडाला. कपातला चहा वहीवर.

२३ नोव्हेंबर
मोजले. सकाळी बारा, संध्याकाळी बारा. खाली देवापुढे बाईंच्या बांगड्या वाजतात, त्याच ठेक्यात माझं मनगट हिसके खातं. पट्ट्याची पांढरी खूण उरली आहे, नेमकं तिथेच कुणी मुठीत धरल्यासारखं.

डब्यातलं चालूच. म्हणजे हरी कुठेतरी हात हलवतो आहे. जिवंत आहे. या घरात हे फक्त मला ठाऊक.

उद्या सांगेन. परत देईन.

२४ नोव्हेंबर
हरीचं घड्याळ घेऊन जिन्यापर्यंत गेलो. उन्हात तबकडी अशी उजळली — परत आलो.

२६
बाई बारावर थांबत नाहीत आता. दुपारभर हलवताहेत. उजव्या हातानं लिहितो, डावा खांद्यातून निखळेल — आत्माराम खाली ओरडले, "वैनी, पुरे! बंद पडलेलं हाय ते!" मी हाक मारली. दातांवर दात आपटून शब्दांचा नुसता भुगा —

२७, सकाळ
शांत. डावा हात मांडीवर पडला आहे, गार. खुर्चीतून उठता येत नाही. घशातून आवाज नाही.

खाली नारळ, हळद-कुंकू. बाई म्हणताहेत, ज्याचं घड्याळ त्याच्यापाशी जाऊ दे. आत्मारामांनी होडी धक्क्याला लावली —

डब्यातलं चालू आहे. हरी जिवंत आहे, बाई. ते माझं आहे. तुमच्या हातात आहे ते माझं —

त्या दिवशी जिना उतरायचा होता. बाराच पायऱ्या.

खिडकीतून दिसतात. होडी केवढीशी झाली. बाई उभ्या राहिल्या. हात वर —

मनगटाला ओल. खारट. खोली कोरडी आणि कागद भिजतो — मखमलीवरची दहाही थांबली — डब्यातलं तेवढं — ल गा गा, ल गा गा, ल