नमुन्याला नेलेला ब्रेकचा पाइप

भुसावळच्या रेल्वे यार्डात जन्मभर डब्यांचे ब्रेक जोडून निवृत्त झालेले आमचे शालक ज्ञानेश्वरराव यांना सोनगीरहून दाजी धनसिंगचा रामराम. गुडघा कसा आहे? मी ठणठणीत (दात सोडून). तुमची बहीण भिकुबाई गेल्यापासून तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे पत्र पाइपाबद्दल आहे.

झालं असं, की तुमच्या भाच्याच्या, किरणच्या नव्या ट्रकचा मागच्या चाकाजवळचा हवेचा पाइप फुसफुसायला लागला. नाशिकला जाताना किरण म्हणाला, आबा, मी आलो की बघतो, तुम्ही हात लावू नका. आता ज्याने अख्खी उमर आग्रा रोडवर ट्रक हाकला, त्याला हात लावू नका म्हणणं म्हणजे लावाच म्हणणं. धुळ्याला दलिचंदशेठच्या दुकानात जायचं तर नमुना हवा. आपली पद्धतच ती: जुना पाइप सोडवायचा, पिशवीत टाकायचा, शेठपुढे ठेवायचा. शेठ तो वाकवून बघायचे, वास घ्यायचे आणि चहा आल्याशिवाय भाव बोलायचे नाहीत. (ते रबर आणि तो आल्याचा चहा, दोन्हींचा वास एकदम आला की मला अजून तरणं झाल्यासारखं वाटतं.) म्हणून मी ट्रक सावलीला, गल्लीच्या तोंडाशी आडवा लावला, पाना घेऊन पाइप काढला आणि एसटीत बसलो.

शेठ आता नाहीत. गादीवर नातू पारस बसतो, तेही खुर्चीवर. त्याने प्रश्नांची सरबत्तीच लावली. रबरी की नायलॉनचा? आटे मिलिमीटरचे की इंची? टोक सरळ की एल्बो? मी म्हणालो, चांगला दे. बिचाऱ्याने नमुना लावून आटे जुळवले. मी म्हटलं, हातभर लांब दे, असलेला बरा. तर म्हणतो, लांब पाइप लोंबतो आणि टायरला घासतो, काका. हा तसाच घासून फाटलाय. (तो कोणी पसंत केला होता, हे मी त्याला सांगत बसलो नाही.) मग पाइप उलटसुलट करून विचारतो, हा पार्किंग ब्रेकचा, गाडी कुठे उभी केलीत? गल्लीत, म्हणालो. अहो, तो असा हसला की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली! नव्या गाडीत म्हणे हवा गेली की आतली स्प्रिंग सुटते आणि चाकं जाम होतात. नवा पाइप बसवून हवा भरेपर्यंत ट्रक जागचा हलायचा नाही.

तिथल्या तिथे तुम्ही आठवलात. दर भाऊबीजेला आपलं तेच भांडण. तुम्ही म्हणायचात, आमच्या रेल्वेचा पाइप सुटला तर गाडी आपोआप थांबते, तुमच्या ट्रकचा सुटला तर देवच वाली. मी म्हणायचो, म्हणूनच तुमच्या गाड्या लेट. मग तुमची बहीण ताटं घेऊन यायची आणि म्हणायची, "तुमनी बठ्ठी हवा सरनी व्हई ते जेवाले बसा." काय दिवस होते हो! सगळी हवा तिथेच संपवून आपण दोघं हात धुवायला उठायचो.

गावात परतलो तर जत्रा. ट्रकच्या अलीकडे भिकनचा कांद्याचा ट्रॅक्टर, पलीकडे शेजारच्या वनाच्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांची जीप. नवरदेवाची आत्या अंग चोरून ट्रक आणि भिंतीमधून निघाली, ती पाठीला चुना लावूनच बाहेर पडली. गल्लीतल्या कमलबाईने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. ढकलायला माणसं लागलेली, ट्रक ढिम्म. मी ट्रकखाली शिरलो, पाइप बसवला, इंजिन चालू करून हवा भरली. चाकं मोकळी झाली तेव्हा सगळे ओरडले आणि मी हसत घराच्या दाराकडे वळून बघितलं, तिला सांगायला. दाराला कुलूप होतं. मीच सकाळी लावलेलं. फार वाईट वाटलं, ज्ञानेश्वरराव.

असो. घरच्यांना आशीर्वाद.

तुमचा,
धनसिंग

ता. क. : वनाची मुलगी पसंत पडली. आत्याबाई मात्र लग्नात पाठ धरून बसणार असं दिसतं.

ता. क. दुसरा : रेल्वेचंच बरोबर होतं. हे यार्डातल्या दोस्तांना कळवायची गरज नाही.

ता. क. शेवटचा : हे सांगायला परवा फोन केला होता. तुम्ही उचललात, आवाज थेट तिच्यासारखा आला, मी पाण्यापावसाचं विचारून ठेवून दिला. वरचं सगळं पाइपाचं निमित्त समजा. ओवाळायला ती नाही, म्हणून तुमचे पाय इकडे वळत नाहीत, हे मला कळतं. पण बहीण तुमची गेली, तशी बायको माझीही गेली. या भाऊबीजेला या.